मोगली ढोरकी होता

‘जंगल बुक’ हे लहान पोरांचं पुस्तक आहे असं शिकलेली माणसं म्हणतात. वाघ बोलतो, अस्वल शिकवणी घेतं, अजगर सल्ला देतो, म्हणजे ते पोरांचंच असणार, असा त्यांचा हिशेब. मी ते सातवीत असताना शाळेच्या पुस्तकपेटीतून काढून मराठीत वाचलं आणि मला ते ढोरक्याचं पुस्तक वाटलं. आमच्या झाडीपट्टीत गुराख्याला ढोरकी म्हणतात. मोगली लांडग्यांत वाढतो हे खरं. पण शेरखानाला मारतो तेव्हा तो गावच्या म्हशी राखणारा ढोरकी असतो, आणि वाघ मरतो तो ढोरक्याच्या विद्येनं. ज्यांनी नुसता सिनेमा पाहिला त्यांना हे सांगूनही पटत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी पुस्तकाविषयी. त्यातली नदी आमची आहे. किपलिंगनं तिचं नाव बदललं नाही, वैनगंगाच ठेवलं. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगवते, मोठा वळसा घेऊन बालाघाटवरून खाली उतरते आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून पवनीकडे जाते. पुढं वर्धा नदी मिळाली की तिची प्राणहिता होते. मोगली ज्या पाण्यात पोहला ते पाणी आमच्या बांध्यांच्या खालून वाहत जातं, हे कळल्यावर सातवीतल्या पोराला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. पुस्तकात पळस आहे. मोह आहे. एका गोष्टीत तर दुष्काळाची खूण अशी सांगितली आहे की, अस्वलाला आवडणारा मोह त्या साली फुललाच नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही मोहाकडं पाहून सालाचा अंदाज करतात.

रुडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. त्याचा बाप जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. पण मोगलीच्या गोष्टी त्यानं लिहिल्या त्या अमेरिकेत, व्हरमाँट नावाच्या बर्फाळ मुलखात. पहिलं पुस्तक 1894 चं, दुसरं 1895 चं. सिवनीचं जंगल त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं असं त्याचे अभ्यासक सांगतात. स्टर्नडेल नावाच्या साहेबानं सातपुड्यातल्या शिकारीवर पुस्तक लिहिलं होतं, त्याचा त्याला आधार होता. न पाहिलेल्या मुलखाविषयी इतकं नेमकं लिहिता येतं, याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही जन्मभर पाहत असलेला नाला कागदावर उतरवायला बसलो की चार ओळींत दम लागतो.

आता तो नाल्याचा प्रसंग. मोगलीला लांडग्यांनी टोळीतून काढलं आहे. तो गावात येतो. मेसुआ नावाची बाई त्याला आपलं हरवलेलं पोर समजून घरात घेते. तो माणसांची बोली शिकतो, कपडा नेसायला शिकतो. पैसा आणि जात मात्र त्याला समजत नाही. कुंभाराचं गाढव मातीच्या खड्ड्यात फसतं, तर हा सरळ शेपूट धरून ओढून काढतो आणि कुंभाराला मडकी रचू लागतो. कुंभार हलका, गाढव त्याहून हलकं, म्हणून पुजारी रागावतो. मग गाव ठरवतं की या पोराला कामाला लावा, आणि त्याच्या हाती म्हशी येतात.

तो सकाळी राम नावाच्या मोठ्या हल्याच्या पाठीवर बसून कळप घेऊन निघतो. ढोरकी पोरांचा दिवस किपलिंगनं असा लिहिला आहे की वाचताना उन्हाचा वास येतो: म्हशी चिखलात बसलेल्या, पोरं गवताच्या टोपल्या विणतात, किडे पकडून त्यांची झुंज लावतात, आणि दिवस काही सरत नाही. तिकडं शेरखान मोगलीसाठी टपून आहे. एक दिवस लांडगा खबर आणतो की वाघ वैनगंगेच्या कोरड्या नाल्यात पडला आहे, डुक्कर खाऊन आणि पाणी पिऊन. मोगली विचार करतो. भरल्या पोटाचा वाघ लढणार नाही आणि नाल्याची उभी कड चढणारही नाही. मग तो म्हातारा लांडगा अकेला याला घेऊन कळपाचे दोन भाग करतो. म्हशी आणि वासरं नाल्याच्या खालच्या तोंडाशी, हले वरच्या तोंडाशी. वरून हले सोडतो. मध्ये वाघ. संपला विषय.

यात जादू कुठंच नाही. प्रत्येक पायरी ढोरक्याला माहीत असलेली आहे. पोटभर खाल्लेलं जनावर जड होतं. वासरं सोबत असली की म्हैस मागं हटत नाही. एकटं ढोर वाघाचं भक्ष्य, पण म्हशींच्या घोळक्यात शिरायची वाघाची हिंमत होत नाही, म्हणून ढोरक्यानं कळपाच्या मधे राहायचं. पुस्तकातलं गावही पोरांना हेच बजावतं.

सिनेमा आम्ही पाहिला तो उशिरा, 2023 च्या थंडीत, धानाची चुरणी आटोपल्यावर. जॉन फाव्रो दिग्दर्शक, 2016 चा सिनेमा, हिंदी बोलीतला. आम्ही चौघं होतो. टीव्ही मास्तरांचा. ते आमच्याच गावच्या शाळेतून निवृत्त झाले आणि नागपूरला पोराकडं न जाता इथंच राहिले. दुसरे दादाजी. ते आमच्या गावचे शेवटचे ढोरकी, तीस वर्षं गावची ढोरं चारली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. तिसरा माझा बालमित्र, त्याची बांधी जंगलाला लागून आहे. पुस्तक मी आणि मास्तरांनी वाचलं होतं. दादाजींना वाचता येत नाही, पण मोगलीची गोष्ट मी त्यांना आखरावर बसून किती वेळा सांगितली असेल त्याला मोजदाद नाही.

सिनेमात चांगलं आहे ते आधी सांगतो. मोगली झालेला नील सेठी हा पोरगा सोडला तर पडद्यावर जवळपास काहीच खरं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला चार भिंतींच्या आत चित्रण केलं आणि सारं जंगल, सारी जनावरं संगणकावर केली. त्या कामाला ऑस्करही मिळालं. वाघ पहिल्यांदा पाणवठ्यावर येतो तेव्हा दादाजी पुढं सरकून बसले. म्हणाले, “खांदे पाय गा त्याचे. चालताना असेच वरखाली होतेत.” दादाजींनी तीन वेळा वाघ जवळून पाहिला आहे, त्यामुळं ही पावती मी ऑस्करच्या वरची मानतो. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर जपानी कार्टून मालिका लागायची, तेव्हाही शेरखान तेच बोलायचे. त्या आवाजात एक थंड दम आहे, ओरडावं लागत नाही. बल्लूच्या तोंडी इरफान खान आणि बघीराच्या तोंडी ओम पुरी. दोघंही आता नाहीत. अंधाऱ्या खोलीत ते आवाज ऐकताना आम्हाला जरा वेगळंच वाटलं. पाण्याच्या तहाचा प्रसंगही सुरेख उतरला आहे. दुष्काळात पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचं नाही, हा कायदा पुस्तकातून जसाच्या तसा आला आहे.

मग बालमित्रानं विचारलं, “हे जंगल कोठचं? यात मोह नाई, तेंदू नाई, बांबूबी धड नाई.” मास्तर म्हणाले, कल्पनेतलं आहे, सगळं सापडणार कसं. मीही मास्तरांच्या बाजूचा. कल्पनेच्या गोष्टीत झाडं मोजत बसू नये. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात आणि दंडारीत रामायण, महाभारत होतं तेव्हा प्रसंग गळतात, नवे घुसतात, मधेच एखादा विनोदी गडी येऊन आजच्या भावावर बोलून जातो. कोणी तक्रार करत नाही. पण सीतास्वयंवर करायचं आणि धनुष्य गाळायचं, असं कोणी करत नाही. पुस्तकाचा सिनेमा करताना काय गाळलं हे मोजण्यापेक्षा धनुष्य ठेवलं का, एवढंच पाहावं. माझी परीक्षा तिथून सुरू होते.

या गोष्टीचं धनुष्य म्हणजे म्हशी. गंमत अशी की सिनेमात म्हशी आहेत. नालाही आहे. भर पावसात शेरखान मोगलीच्या मागं लागतो, पोरगा दरीत घसरतो, तिथं म्हशींचा कळप उधळलेला असतो, आणि तो एका म्हशीला बिलगून जीव वाचवतो. म्हणजे नाला, म्हशी, वाघ, पोरगा, चारही गोष्टी एका जागी आल्या. पण पुस्तकातला मोगली कळप हाकतो आणि सिनेमातला मोगली कळपावर बसून निघून जातो. एसटीत बसल्यासारखा. दादाजींनी त्या वेळी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, आता पोरगा हल्याच्या कानाशी वाकून हाक घालणार. सिनेमा पुढं गेला. ते म्हणाले, “आता मारते का मंग?” मी म्हटलं, नाही दादाजी, आता तो वाघ असा मरत नाही.

सिनेमात वाघ मरतो तो आगीत. मोगली गावातून पेटती मशाल पळवतो, ठिणग्या पडून जंगल पेटतं, तो वाघाला वाळल्या झाडावर नेतो, फांदी मोडते आणि वाघ खाली वणव्यात पडतो. पोरगा दोरीची, झाडांची युक्ती करतो म्हणून जिंकतो. साऱ्या सिनेमात हाच धागा आहे: मोगली कटोऱ्यानं पाणी काढतो, वेलीच्या दोऱ्या करून उंचावरचं मध काढतो, खड्ड्यात पडलेलं हत्तीचं पिल्लू ओढतो. माणूस म्हणजे हत्यारं बनवणारा, असा त्याचा अर्थ. यात खोटं काही नाही. पण पुस्तकातला माणूस म्हणजे जनावरांना ओळखणारा आणि त्यांच्यासोबत काम करणारा. या दोन माणसांत फार अंतर आहे. पहिला कारखान्यातही जन्मतो. दुसरा फक्त गुरांच्या मागं चालून तयार होतो.

विस्तव पुस्तकातही आहे, पण कसा आहे ते पाहा. गावातलं एक पोर निखाऱ्यांचं भांडं घोंगडीखाली धरून गोठ्यातल्या गाईंकडं निघालेलं असतं. मोगली ते भांडं घेतो आणि रस्ताभर काटक्या, सालं टाकून निखारा जिवंत ठेवतो. माझी आजी गोवरीत विस्तव असाच रात्रभर जपायची. पुस्तकातला विस्तव चुलीचा आणि गोठ्याचा आहे. सिनेमात तो नुसता जाळणारा झाला. वर वणवा हत्तींनी नदी वळवून एका रात्रीत विझवला. आमच्याकडं उन्हाळ्यात वणवा लागला की माणसं फांद्या घेऊन दिवसभर झोडपतात, तेव्हा कुठं एक बाजू थांबते. नदी वळवून वणवा विझला असता तर आम्ही रांगेत उभे राहून हत्तींना नारळ दिले असते.

वानरांचं सांगायला हवं. पुस्तकातल्या बंदरलोगांची ओळखच ही की त्यांना राजा नाही, कायदा नाही, आठवण नाही. आज मोठं काही करू म्हणतात आणि एखादं फळ खाली पडलं की विसरतात. ही फार टोचणारी थट्टा आहे. आमच्या ग्रामसभेला बसून पाहिलेल्या माणसाला ती जास्त टोचते. सिनेमानं त्यांना किंग लुई नावाचा भला मोठा राजा दिला आणि त्याच्या तोंडी गाणं घातलं. हा राजा किपलिंगचा नाही, डिस्नेच्या 1967 च्या कार्टून सिनेमातून आलेला आहे. राजा मिळाला तशी बंदरलोगांची थट्टाच संपली, कारण आता त्यांना हेतू आहे. ‘का’ अजगराचंही तसंच. पुस्तकात तो मोगलीचा म्हातारा मित्र. रानकुत्र्यांची झुंड दख्खनकडून येते तेव्हा वैनगंगेच्या कड्यावरची आग्या मोहळं त्यांच्यावर उठवायचा बेत त्याच्याच डोक्यातून निघतो. सिनेमात तो बाईच्या आवाजात भुलवून गिळणारा झाला. भीती दाखवायला साप सोपा असतो.

पण माझं मुख्य दुखणं वेगळं आहे. सिनेमातून गाव गेलं. दूर रात्रीच्या अंधारात चार उजेड, नाचणाऱ्या सावल्या, बस. मेसुआ नाही, कुंभार नाही, पुजारी नाही, ढोरकी पोरं नाहीत. त्यामुळं शेवट एकदम सोपा झाला: वाघ मेला, पोरगा झाडावर बल्लू-बघीराच्या शेजारी लोळतो, जंगल त्याचं घर. पुस्तकात वाघ मारल्यावर त्याच्या वाट्याला दगड येतात. गावचा शिकारी बलदेव वाघाच्या कातड्यावर हक्क सांगतो, कारण त्यावर शंभर रुपये सरकारी इनाम आहे. मोगली देत नाही. बलदेव आधी गावात पोचतो आणि सांगतो की हा पोरगा चेटक्या आहे. ज्यानं गावचा वाघ मारला त्यालाच गाव वेशीवरून हाकलतं. लांडग्यांनी माणूस म्हणून काढलं, माणसांनी लांडगा म्हणून काढलं. जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसाची गोष्ट याहून नेमकी मी दुसरीकडं वाचली नाही. दोन्हीकडचा असून दोन्हीकडं परका.

हे गाळल्यावर उरतं ते शहराला आवडणारं जंगल. त्यात माणूस एकच असतो, आणि तो पाहुणा. आमच्या जवळच्या अभयारण्यात सफारीला गाड्या येतात. त्यांना रस्त्यात आमचं गाव दिसतं, पण जंगलात ते धरत नाहीत. खरं म्हणजे जंगल आणि गाव यांच्या मधे रेघ कुठंच नाही. तळ्याचं पाणी आम्ही आणि चितळ दोघं पितो. मोह आम्ही आणि अस्वल दोघं वेचतो, आणि पहाटे मोहाखाली त्यातलं कोण आधी आलं यावर कधी कधी माणसाचा जीव ठरतो.

याचा अर्थ पुस्तक सगळं सोन्याचं आहे असं नाही. सिनेमाला बोलायचं तर पुस्तकालाही बोललं पाहिजे. किपलिंगच्या गावात मेसुआ आणि तिचा नवरा सोडले तर धड माणूस नाही. सगळे भित्रे, बढाईखोर, चेटकाला भिणारे. आणि मेसुआला गाव जाळायला निघतं तेव्हा न्याय कुठं मिळतो? कान्हीवाड्याला, इंग्रजांकडं. रयत मूर्ख आणि साहेब न्यायी, ही राज्यकर्त्याची नजर पानापानांतून दिसते. मास्तरांनी मला आणखी एक सांगितलं होतं. जंगल बुकच्या आधी, 1893 ला छापलेल्या एका गोष्टीत किपलिंगनं मोठा झालेला मोगली दाखवला आहे. त्यात तो सरकारच्या जंगल खात्यात वनरक्षक होतो, पुढं पेन्शनच्या बोलीवर. लांडग्यांचा भाऊ आणि म्हशींचा ढोरकी शेवटी खात्याच्या नोकरीत. 1878 च्या वन कायद्यानं जंगलं राखीव होऊन गावांच्या चराईचे हक्क आखडले होते. त्या काळात गुराख्याला गार्ड करणं लेखकाला बढती वाटली असेल. मला त्यात ढोरक्याची हार दिसते.

आणि ती दुसरी गोष्ट, जंगल गावात आणण्याची. मोगली सूड म्हणून हाथीला सांगतो की हे गाव मिटव. आधी हरणं, डुकरं, रोही पिकात उतरतात. मग हाथी आणि त्याचे तीन पोरं घरांच्या भिंती पाडतात. पावसाळा सरेपर्यंत गावाच्या जागी रान माजतं. सातवीत वाचताना मी मोगलीच्या बाजूनं टाळ्या पिटल्या होत्या. पुढं स्वतःच्या बांधीत जागल करताना तीच पानं आठवली, तेव्हा मी मळ्याच्या मालकाच्या जागी उभा होतो. 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी गोंदिया-भंडाऱ्याकडंही फिरून गेला. हत्ती धान खातो त्याहून जास्त तुडवतो. उभ्या लोंबीतून हत्ती गेला की त्या पट्ट्यात विळा घालायला काही राहत नाही. सिनेमात हत्ती आले तसं मोगली वाकून नमस्कार करतो, कारण जंगल त्यांनी घडवलं. बालमित्र म्हणाला, “नमस्कार आमीबी करतो बापा. पन नुकसानीचा पंचनामा कोन करन?”

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे, आणि किपलिंगनं तो सिनेमापेक्षा जास्त इमानानं मांडला आहे. त्याच्या गोष्टीत नुकसान दिसतं. धान्य संपलेलं, बी संपलेलं, उंबरठा सोडून निघालेली माणसं, हे सारं आहे. त्या गोष्टीत एक गोंड मुखिया येतो. गावकरी त्याला विचारतात, आमच्यावर कोणता देव कोपला? तो फार बोलत नाही. कारल्याचा रानवेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो आणि कान्हीवाड्याच्या रस्त्याकडं हात करतो. म्हणजे आता इथं वेल राहणार, तुम्ही निघा. साऱ्या पुस्तकात जंगल समजणारा मोठा माणूस हा एकच, आणि त्याला दोन पानंसुद्धा मिळाली नाहीत. कोणाला या पुस्तकावर पुन्हा सिनेमा करायचा असेल तर त्यानं त्या गोंडाला सोबत घेऊन सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. सिवनीपासून गडचिरोलीपर्यंत त्याचीच माणसं सगळ्यांत आधीपासून राहतात.

कोणी विचारेल, दोन तासांच्या करमणुकीवर एवढं कशाला? त्याचं कारण आमच्या आखरावर आहे. आखर म्हणजे गावची ढोरं सकाळी जमायची जागा. माझ्या लहानपणी तिथं दोनशेच्या वर ढोरं उभी राहायची, आणि ढोरक्याला ढोरामागं वर्षाचं धान बांधलेलं असायचं. आता नांगरटी ट्रॅक्टरची, चराईवर बंधनं, आणि पोरांना ढोरं राखणं कमीपणाचं वाटतं. दादाजींच्या नंतर गावानं ढोरकी ठेवलाच नाही. ज्याच्या घरी दोन जनावरं आहेत तो ती दाराशी बांधून चारा घालतो. म्हशी वाघासमोर कशा उभ्या राहतात, पुढं कोण येते, वासरं कुठं जातात, हले कोणत्या आवाजानं वळतात, हे सांगू शकणारा माणूस आमच्या गावात एकच उरला आहे, आणि त्याला लिहिता येत नाही.

मोगलीचं चित्र असलेले शर्ट घातलेली पोरं मात्र आमच्या गल्लीत आहेत. त्यांना विचारलं, मोगली काय काम करायचा रे? तर म्हणतात, काही नाही, जंगलात राहायचा. त्यांचा दोष नाही. त्यांना तेवढंच दाखवलं आहे. मास्तरांच्या नातवंडांसाठी मी एक सुचवलं आणि इथंही तेच सांगतो. सिनेमा जरूर दाखवा, तो पाहण्यासारखा आहे, वाघाच्या खांद्यांसाठी आणि त्या तीन आवाजांसाठी तर नक्कीच. पण त्याच आठवड्यात पुस्तकातला म्हशींचा प्रसंग पोरांना एका बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि गावात एखादा जुना ढोरकी असेल तर त्याला त्या वेळी बोलावून घ्या. लेखकानं कुठं बरोबर लिहिलं आणि कुठं गप मारली, हे तो पोरांना नक्की सांगेल. दादाजींनी मला सांगितलं आहे: हल्यांना वरून सोडलं हे बरोबर, पण वासरं खालच्या तोंडाशी न ठेवता मागं ठेवायला पाहिजे होती, आणि अमावास्येच्या आसपास तर वासरं नेलीच नसती. अमावास्येचं कारण मी विचारलं. ते म्हणाले, “ते सांगून समजत नाई. चार दिवस सोबत चाल.”